फ्रेंडली म्हणाला होतास ना रे?

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. सकाळी पतसंस्थेत कॅशला बसायचंय आणि मी अंथरुणात पडून हे टाईप करतेय, कारण झोप उडालीय. दहा मिनिटांपूर्वी एका माणसानं माझ्या पाठीत गोळ्या घातल्या. 'फ्रेंडली, फ्रेंडली' करत पंधरा मिनिटं माझ्याबरोबर फिरला, माझ्याकडची दोन बँडेजं घेतली, आणि मी लिफ्टचं बटण दाबायला वळले तशी शॉटगन काढली. दोन बार. खेळ खलास.

हो, गेममध्ये. 'या वयात गेम?' हे ज्यांना लिहायचं होतं त्यांचं ते दिवाळीनंतरच लिहून झालंय, परत नको.

गेमचं नाव आर्क रेडर्स. स्वीडनच्या एम्बार्क स्टुडिओचा, ३० ऑक्टोबर २०२५ ला आला. पोरगा अकरावीला लातूरला गेला आणि त्याचा तो लाल-निळे दिवे लावलेला कॉम्प्युटर इथं सांगलीत धूळ खात पडला. त्याच्या शेजारी बसून दहा वर्षं बघत होतेच की. भिशीचे पैसे आले होते, त्यातून घेतला. ह्यांना सांगितलं नव्हतं, आता कळेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीत कुठंतरी, जग संपल्यानंतरची गोष्ट. माणसं जमिनीखाली स्पेरान्झा नावाच्या वस्तीत राहतात (इटालियनमध्ये स्पेरान्झा म्हणजे आशा). वरती आर्क नावाची यंत्रं फिरतात, उडणारी, उड्या मारणारी, छतावर कोळ्यासारखी चिकटून बसलेली. तुम्ही वर जायचं, तारा, बॅटऱ्या, मोडकी यंत्रं, जे मिळेल ते भंगार गोळा करायचं आणि अर्ध्या तासाच्या आत लिफ्ट पकडून खाली यायचं. त्यातून बंदुका बनवायच्या, लेव्हल वाढली की एक गुण मिळतो, तो अंग कणखर करायला घालायचा की पळायला-दमाला की जगून राहायला, ते आपण ठरवायचं. मी सगळे दमाला घातले. माझं पात्र सुरुवातीला इतकं धापा टाकायचं की मला मिरज स्टॅंडवर एसटीमागं धावणारी मीच दिसायचे. वर मेलात तर अंगावरचं सगळं गेलं.

आणि वर तुमच्यासारखीच दुसरी खरी माणसं असतात. एकटे गेलात तर बहुतेक एकटेच भेटतात. तो तुम्हाला मारू शकतो, तुम्ही त्याला. किंवा कुणीच कुणाला नाही. जवळ आलात की त्याच्या माइकचा आवाज ऐकू येतो, लांब गेलात की विरतो. सगळा गेम या एका गोष्टीवर उभा आहे, बाकी चित्रं-बित्रं सुंदर आहेतच.

तिसऱ्या रात्रीचं सांगते. धरणाच्या नकाशात होते. एका पडक्या इमारतीत ड्रॉवर उचकत होते आणि मागनं आवाज आला, 'भाई, डोंट शूट, डोंट शूट.' (मी पात्र दाढीवाल्या म्हाताऱ्याचं केलंय. माइक बंदच असतो. बाईचा आवाज ऐकला की काय सुरू होतं ते बायकांना सांगायला नको.) माइक नसला तरी तयार वाक्यांचं एक चाक असतं, मी त्यावरनं 'डोंट शूट'चं बटण दाबलं, माझा म्हातारा तेच म्हणाला. आणि तेवढ्यात त्या पोराच्या माइकमधून कुकरची शिट्टी आली. दोन. मग लांबून एक बाई, 'अरे पोळ्या गार व्हायल्यात!' तो माइक न झाकताच ओरडला, 'आई, पाच मिन्टं!'

मी इकडं एकटी खोलीत मोठ्यानं हसले. पण माइक बंद. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की म्हातारा मराठी आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की असंही खेळता येतं. त्या पोरानं मला लीपर दाखवला, तो चार पायांचा राक्षस, कुठनं मारायचा तेही सांगितलं. वास्प नावाच्या एका उडत्या यंत्राचा पंखा उडवला तर ते यंत्र उरलेल्या पंख्यांवर जखमी कावळ्यासारखं लंगडत उडायला लागलं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. यंत्रांना चालायला-सावरायला म्हणे शिकवून तयार केलंय, हाताने हालचाल रंगवून नाही. दिसतं ते.

आणि मग आजचा हा हलकट. संध्याकाळी याबद्दल एका ग्रुपवर लिहिलं तेव्हा (हो, आजचा हा दुसरा, पहिला साडेसातला भेटला होता) एका दादांनी शिकवलं, 'खेळ आहे ताई, हळदीकुंकू नाही.' अहो दादा, नियमात बसतं हे मलाही माहीत आहे. बसतंच. लपून मार, समोरून ये, मला काही वाटत नाही, मी भंगार उचलणारी, तूही उचलणारा. पण आधी फ्रेंडली म्हणायचं, बँडेज घ्यायचं आणि मग मारायचं? ते म्हणणं कुठल्याच नियमात सक्तीचं नाहीये ना? गप्प राहून मार की! शब्द कशाला वाया घालवतोस?

लेकाला मेसेज केला तर त्याचं उत्तर, 'स्किल इश्यू मम्मी.' म्हणजे मलाच खेळता येत नाही. फी भरतोय आम्ही याची.

हा गेम पहिल्यांदा २०२१ मध्ये दाखवला तेव्हा माणसांनी मिळून फक्त यंत्रांशी लढायचं असा होता, आणि फुकट. नंतर बदलला. पहिल्या आठवड्यात मी म्हणत होते, तोच ठेवायला हवा होता. आता मनाविरुद्ध कबूल करते, तसा असता तर मी चार दिवसांत कंटाळले असते. तो पोरगा मारू शकत होता आणि त्यानं मारलं नाही, म्हणून तर तो लक्षात राहिला. गेममधले काही आवाज माणसांचे घेऊन यंत्रातून काढले होते, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही आणि ऐकायलाही कोरडे लागले.

बरं, कोंबड्याचं सांगायचं राहिलं. तुमच्या खोलीत एक कोंबडा असतो, स्क्रॅपी. तुम्ही वर गेलात की तो त्याच्या परीनं भंगार गोळा करून आणतो. माझ्या आजोळी तासगावला असा एक होता, तो फक्त भांडणं आणायचा. या स्क्रॅपीला हुशार करायचं तर त्याला खाऊ लागतो, लिंबं, जर्दाळू असलं. तीन लिंबं हवी होती. माझ्याकडे दोन. आणि त्या पोळ्यावाल्या पोरानं, एका झाडाखाली सापडलेलं लिंबू माझ्यासमोर जमिनीवर टाकलं. 'ले भाई, तेरे मुर्गे के लिए.' मी मागितलंही नव्हतं. प्रत्येकाचाच कोंबडा अडलेला असतो, त्याचाही असणार.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय खरा. साडेबारा झाले.

आता लिहितेच. मघाशी मी त्या रात्रीचं अर्धंच सांगितलंय.

लिफ्टपाशी आलो आम्ही. लिफ्ट बोलावली की भोंगा वाजतो, आख्ख्या नकाशाला कळतं कोण कुठं आहे. ती येईपर्यंतचा वेळ फार वाईट असतो. माझ्याकडे फुकट मिळणारं किट होतं, त्यात सेफ पॉकेट नसतो (मेलात तरी ज्यातलं जात नाही असा खिसा), म्हणजे मेले तर तिन्ही लिंबं गेली. लिफ्ट आली, मी आत शिरले. तो बाहेर होता, आणि एकदम वळून त्यानं बंदूक माझ्या दिशेनं रोखली. काही म्हणाला नाही. मी विचार केला नाही, हातातलं सगळं मॅगझिन रिकामं केलं.

तो पडला, पण मेला नव्हता. या गेममध्ये पडलेला माणूस सरपटू शकतो, आणि लिफ्टमध्ये पोचला तर सरपटतसुद्धा घरी जातो. तेव्हा मला माझ्या मागं वास्पची घरघर ऐकू आली. लिफ्टच्या मागून वर येत होतं. त्या पोराची बंदूक वास्पवर होती.

'अरे भाई, पीछे था, पीछे,' एवढंच म्हणाला. शिवी नाही दिली. दारापासून दोन हातांवर होता, येत होता. मी माइक चालू केला असता, मराठीत दोन शब्द बोलले असते, किंवा काहीच न बोलता नुसती थांबले असते, चार-पाच सेकंद. वास्पला घाबरले म्हणा. खरं म्हणजे तो आत आला असता तर त्याच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली. मी बटण दाबलं. दारं मिटताना परत कुकरची शिट्टी आली, की मला तसं वाटलं.

त्याची आई त्याला काय म्हणाली असेल, एवढंच डोक्यात येत राहतं. 'संपला का तुझा गेम? ये आता.' मी रोज म्हणायचे तेच.

आजच्या त्यानंही त्याच्या घरी असंच काही सांगितलं असेल का, की म्हाताऱ्याचा हात हलला, मी घाबरलो? माझा हात हलला होता, बटणाकडे. जाऊ दे. नाही, हलकटच होता तो. दोन बार घातले त्यानं.

कोंबडा त्या रात्रीच हुशार केला. तीन लिंबं दिली, एक त्याचं. आता जास्त भंगार आणतो.