‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार होते, त्या हॉररच्या बाजूने

संथ चालीच्या हॉरर सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पहिला तासभर तर काहीच घडत नाही.’ मला हे मुळीच पटत नाही. त्या तासाभरातच सिनेमा आपलं खरं काम करत असतो, आणि ते काम पडद्यापेक्षा आपल्या डोक्यात जास्त चालू असतं.

दचकवायला दोन सेकंद पुरतात. संशय रुजायला मात्र वेळ द्यावा लागतो. आधी ते घर आपल्या ओळखीचं व्हावं लागतं, तिथले रोजचे आवाज कानात बसावे लागतात, कोण कुणाशी कसं बोलतं हे कळावं लागतं. मग त्यात तीळभर जरी फरक पडला तरी पोटात गोळा येतो. ओळखच करून दिली नाही तर फरक जाणवणार कशात?

‘रोझमेरीज बेबी’ (1968) मध्ये एक साधा शॉट आहे. शेजारची मिनी आतल्या खोलीत फोनवर बोलतेय. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने कॅमेरा असा लावायला सांगितला, की दाराच्या चौकटीआड ती अर्धीच दिसावी. छायालेखक विल्यम फ्रेकरला ते खटकलं होतं. पण सिनेमा लागल्यावर त्याला दिसलं की त्या शॉटला थिएटरमधले प्रेक्षक चौकटीपलीकडे डोकावायला एका बाजूला कलतायत! पडदा सपाट आहे, कलून काहीही जास्त दिसणार नाही, हे कुणाला माहीत नसतं? तरी मान वळते. प्रेक्षक स्वतःहून शोधायला लागला, की त्याला घाबरवायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही.

त्याच सिनेमातला डॉक्टर हिलचा प्रसंग मला याहून जास्त छळतो. (सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) नवरा, शेजारी आणि आपला डॉक्टर मिळून पोटातल्या बाळाविरुद्ध कट करतायत असा संशय आलेली, दिवस भरत आलेली रोझमेरी उन्हाळ्यात एकटी बाहेर पडते आणि रस्त्यावरच्या फोन बूथमध्ये शिरून आपल्या आधीच्या डॉक्टरला, हिलला, फोन लावते. बूथबाहेर एक माणूस पाठमोरा उभा राहतो. तो आपल्याला ज्याची भीती आहे तोच डॉक्टर वाटतो. वळतो तेव्हा भलताच कुणीतरी निघतो, आणि आपला श्वास सुटतो. मग ती हिलकडे पोचते आणि सगळं सांगते. तो शांतपणे ऐकून घेतो, तिला आत झोपायला जागा देतो. किती बरं वाटतं तेव्हा! आणि थोड्याच वेळात दार उघडतं, तर समोर तिचा नवरा आणि तोच डॉक्टर. हिलने त्यांना बोलावून घेतलेलं असतं. हिल दुष्ट नाही. घाबरलेल्या गरोदर बाईचं बोलणं ऐकून कुठल्याही समंजस माणसाने जे केलं असतं तेच त्याने केलं. सिनेमा 136 मिनिटांचा आहे आणि हा प्रसंग फार उशिरा येतो. तोवर आपण रोझमेरीच्या बाजूचे झालेलो असतो, तिच्यावर अधूनमधून शंकाही घेतलेली असते. हाच प्रसंग विसाव्या मिनिटाला आला असता तर नुसती कथेतली एक घडामोड ठरला असता.

जपानी दिग्दर्शक कियोशी कुरोसावाचा ‘क्युअर’ (1997) तर या प्रकारातला माझ्या लेखी सर्वांत अस्वस्थ करणारा सिनेमा. खून होत राहतात, प्रत्येक मृतदेहाच्या गळ्यापाशी फुलीसारखी जखम, पण खुनी दर वेळी वेगळा. शिक्षक, पोलीस, डॉक्टर. सरळमार्गी माणसं. का केलं हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही. एक पोलीस भर दिवसा चौकीबाहेर आपल्याच सहकाऱ्यावर गोळी झाडतो, आणि कॅमेरा लांब उभा राहून नुसता बघतो. क्लोजअप नाही, संगीताचा दणका नाही. रोजच्या कामातलंच एखादं काम उरकावं तसं ते घडतं. पण मला त्याहून जास्त आठवतं ते तपास अधिकारी तकाबेच्या घरातलं कपड्यांचं मशीन. त्याची बायको मनाने खचत चालली आहे. तो घरी येतो तेव्हा मशीन रिकामंच घरघरत असतं. तो काही न बोलता ते बंद करतो. या सगळ्या खुन्यांना आधी भेटलेला एक स्मृती हरवलेला तरुण असतो; पुढे तकाबे त्याच्यासमोर बसतो, तेव्हा तकाबेच्या रागाच्या मुळाशी काय आहे हे आपल्याला त्या घरघरीमुळे आधीच ठाऊक असतं.

आणि दचकवण्याला माझा विरोध नाही. ‘कॅट पीपल’ (1942) मध्ये एक बाई रात्री एकटी चालतेय, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. ती घाबरून पावलं उचलते, आणि फिस्स करत बस समोर येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पण तो दचका वसूल होतो आधीच्या शांततेमुळे. तीच गोष्ट ‘द शायनिंग’मधल्या (1980) मुलाच्या तीनचाकी सायकलची. लाकडी जमिनीवर खडखड, गालिच्यावर गप्प, पुन्हा खडखड. एवढ्यावर आपण वळणापलीकडे काय असेल याचा धसका घेतो.

संथ म्हणजे चांगलाच, असंही नाही. अलीकडे काही सिनेमे रिकामा कॉरिडॉर दाखवतात, खाली घुमणारा आवाज लावतात आणि माणसांची ओळखच करून देत नाहीत. तिथे कंटाळा येतो आणि तो रास्त आहे. त्याहून राग येतो तो शेवटच्या दहा मिनिटांत सगळं उलगडून सांगणाऱ्यांचा. कुणीतरी जुनी फाइल उघडतं, फोटो सापडतो, बालपणीचा आघात कळतो, झालं. दोन तास जपलेला संशय एका खुलाशात संपवायचा तर तो जपला कशाला?

कुणाला या वाटेने जायचं असेल तर मी ‘क्युअर’च सुचवेन. हेडफोन लावून, फोन दूर ठेवून, एका बैठकीत पाहा. वेग दीडपट करू नका, कृपा करून. आणि शेवटच्या शॉटला दृश्यात मागे काय चाललंय तिकडे लक्ष असू द्या, श्रेयनामावली सुरू होईपर्यंत.