नाकाचा सीमाप्रश्न

आषाढात बेळगावला पाऊस पडत नाही, राहायलाच येतो. त्याच्याबरोबर माझी सर्दी येते आणि आठवडाभरात नाकातली खोली अपुरी पडली की भुवयांच्या वर आणि गालांच्या हाडांत बिऱ्हाड करते. चपलेचा पट्टा लावायला वाकावं तर डोक्यातला वरवंटा पुढं घरंगळतो. डावी नाकपुडी बंद, उजवी उघडी. दोन-तीन तासांनी नेमकं उलटं. आपण नक्की कुठल्या बाजूचे, हे १९५६ पासून अख्ख्या गावाचं ठरेना, तिथं माझ्या नाकाचं काय ठरणार!

घरी आक्कानं सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला थापली. लेप वाळला तशी कातडी ताणली आणि भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या. दारात दूधवाला आला. म्हणाला, "रुपयाच वाढवलाय की ओ मालक, एवढं काय दचकताय?"

मग बायकोनं ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी बांधली. हुंगायची आणि गाल शेकायचा. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कानडी अज्जी जिना उतरल्या. "नेगडी काय रे? ओमा शेक की!" म्हटलं, अज्जी, तेच चाललंय. अज्जींनी पुरचुंडी नाकाशी धरली आणि मान हलवली. "हा तुमचा ओवा. आमचा ओमा वेगळा." पाच मिनिटांत त्यांची पुरचुंडी आली. शेवटी डाव्या गालाला ओवा, उजव्या गालाला ओमा, असा मी मधोमध बसून राहिलो.

शहापुरातल्या वैद्यांनी याला पीनस म्हटलं. अणुतेलाचे दोन-दोन थेंब नाकात घालणार होते, पण नव्या सर्दीत असं नस्य करायचं नसतं, आधी कफ पिकू दे म्हणाले. दही बंद. "आणि कुंदा?" मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. कानानाकाच्या डॉक्टरांचं म्हणणं, बहुतेक वेळा हे विषाणूंचं काम, गोळ्यांच्या मागं लागू नका. दहा दिवसांत उतरलं नाही, जोराचा ताप आला किंवा डोळा सुजला, तर मात्र लगेच या.

जलनेती मी आपल्या अकलेनं केली. पाणी उकळून कोमट केलं, भांड्याची चोच नाकपुडीत लावली, मान तिरपी केली. मीठ विसरलो. अर्ध्या लिटरला पाऊण चमचा मीठ का घालतात, हे मला तेव्हा मेंदूच्या तळापर्यंत समजलं. फिकं पाणी नाकाच्या अस्तरात शिरून असं झणझणतं, की मी न्हाणीघरातून मराठी आणि कन्नड दोन्हींत ओरडलो. दुसऱ्या दिवशी मीठ घातलं, तर पाणी एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. पोराला दाखवावं असं.

दहाव्या दिवशी नाक उघडलं. पहिला वास आला तो दांडीवर आठ दिवस न वाळलेल्या बनियनचा. दुसरा आला अज्जींच्या फोडणीचा, मागोमाग अज्जीच.

"कुठली बाजू आधी सुटली रे?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बेळगावात जन्म काढलेला माणूस मी. जोरात शिंकलो.