डामार हॅमलिन लशीमुळे कोसळला नव्हता

अमेरिकी फुटबॉलपटू डामार हॅमलिन मैदानात कोसळतानाची क्लिप पुन्हा फिरते आहे. सोबतचा मजकूर असा: ‘धडकेनंतर तो उठून उभा राहिला, मग पडला. म्हणजे माराचा संबंध नाही, कोविड लशीनेच हृदय बंद पडलं.’ हे चुकीचं आहे.

२ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. प्रतिस्पर्ध्याला अडवताना २४ वर्षांच्या हॅमलिनच्या छातीला जोरदार धक्का बसला. तो उठला, एक-दोन पावलं टाकली आणि मागे कोसळला. निदान झालं ‘कॉमोशिओ कॉर्डिस’. एप्रिल २०२३ मध्ये त्याने स्वतः ते सांगितलं.

यात हृदयाला जखम होत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरत असतं. त्यातल्या काही मिलिसेकंदांच्या नाजूक क्षणी नेमका हृदयावर फटका बसला, तर विजेची लय विस्कटते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त ढकलणं थांबतं. मेंदूत आधी पोचलेल्या रक्तावर माणूस काही सेकंद शुद्धीत राहतो. म्हणूनच तो उभा राहू शकला. क्लिपमधला ‘पुरावा’ उलट याच निदानाशी जुळतो.

हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्ष मुका मार लागणं वेगळं. ते गाडीच्या अपघातात जास्त दिसतं आणि ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीतून कळतं.

हॅमलिन वाचला, कारण मैदानावरच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि हृदयाला विजेचा झटका मिळाला. झटक्याला उशीर झाला की दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्याच वर्षी तो पुन्हा खेळला. लेदर बॉलने खेळणाऱ्या आपल्या मुलांनाही हा धोका आहे, दुर्मीळ असला तरी. चेस्ट गार्ड तो पूर्ण टाळत नाही.