क्लचात ब्रेकचं तेल

रविवारपासून मला गावात पाच जणांनी विचारलंय, "काऊन भाऊ, क्लच दाबला की गाडी उभी रायते काय?" पाचवा माझा सख्खा साळा आहे आणि तो राहतो मूर्तिजापूरला. म्हणजे बातमी तालुका ओलांडून गेली, जिल्हा ओलांडून गेली. आमच्या गावात शनिवारी गेलेली लाईट सोमवारी आली, पण हे मात्र दोन तासांत मूर्तिजापूरला पोचलं.

झालं असं की पुण्याच्या मावसभावाकडून मी एक जुनी मोठी गाडी घेतली. नाव सांगत नाही, गाडी बिचारीचा काही दोष नाही. आमच्या दर्यापूर तालुक्यात जेवढ्या फटफट्या फिरतात, स्प्लेंडर म्हणा, बुलेट म्हणा, त्या सगळ्यांना क्लचची वायर असते, तुटली की कुठलाही मिस्त्री चहा संपायच्या आत दुसरी टाकून देतो. माझीला वायरच नाही. हँडलवर डाव्या हाताला तेलाची एक छोटी डबी आहे, लिव्हर दाबली की ते तेल नळीतून खाली जातं, इंजिनापाशी एक पिस्टन ढकलतं आणि क्लच सुटतो. आणि या तेलाला हवेतली ओल ओढून घ्यायची खोड, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मावसभावानं ते किती वर्षं बदललं नव्हतं देव जाणे, झाकण उघडलं तर आत टपरीवरचा सकाळपासून उकळत असलेला चहा. त्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी भर बाजारात गाडीला न्यूट्रल सापडेना, लिव्हर पार मुठीला टेकायली, मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देऊन राहिला आणि बैलांच्या झुली घेऊन चाललेले लोक मला बाजूला व्हा म्हणून राहिले. मिस्त्रीकडं नेली तर त्यानं गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, वाकून खाली पाह्यलं आणि विचारलं, "वायर कुठी आहे हिची?" तिथंच ठरवलं, घरी करायचं.

सामान काही जास्त लागत नाही. आठचा पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, आणि डॉट ४ तेलाची सीलबंद बाटली. नळी गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिली, सलाईनची. तेल अमरावतीहून एकानं आणून दिलं. जुनं तेल बाहेर काढायच्या खालच्या निपलवर काळी माती अशी बसली होती की आधी मला वाटलं निपलच नाही, मग जुन्या टूथब्रशनं आणि खिळ्यानं ती कोरून काढली तेव्हा वाटाण्याएवढी रबरी टोपी दिसली, तिच्या आत निपल, पितळी रंगाचं, मधोमध बारीक छिद्र. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

लिव्हर दाबायला पुतण्या बसवला. वय वर्षं नऊ. त्याला तीनदा समजावलं, मी 'दाब' म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं, मी खाली निपल सैल करीन, तेल येईल, मी निपल आवळीन, आणि मी 'सोड' म्हणेपर्यंत काहीही झालं तरी सोडायचं नाही. काहीही मंजे काय काका? काहीही मंजे साप निघाला तरी. साप निघाला तरी सोडणार नाही असं त्यानं कबूल केलं.

साप नाही निघाला. गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले आमचे गुरुजी, मला पहिली ते चौथी सगळे विषय यांनीच शिकवले, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण गल्लीतून जाताना अजून पाठीमागं हात बांधून, दोन रांगांमधून चालल्यासारखे चालतात. मी नेमकं 'दाब' म्हणून निपल सैल केलं होतं. पहिलाच दाब, नळीत अजून नुसती हवा. आणि गुरुजींना पाहून पोरगं ताडकन उठलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणालं, "नमस्ते गुरुजी!"

दोन्ही हात.

लिव्हर सटकन मागं गेली आणि त्या उघड्या निपलमधून गाडीनं हवेचा असा घोट घेतला की मला इथं खाली ऐकू आला, सुर्रर्र. झालं. आता या नळीत हवा शिरली की लिव्हर दाबा नाहीतर कुरवाळा, खाली काही पोचत नाही, कारण तेल दबत नाही पण हवा दबते, आणि तुमचं सगळं बळ ती हवा दाबण्यातच जातं. गुरुजींनी मात्र पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "वा. संस्कार आहेत." मग माझ्याकडं पाहून, "तू नाही उठला."

मी गाडीखाली होतो, हातात पाना होता. उठलो. नमस्कार केला.

"काय करून राहिला बे?"

"क्लचचं तेल बदलवून राहिलो गुरुजी."

गुरुजींनी ओट्यावरची बाटली उचलली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बाटली उन्हाकडं धरली, आणि बोट ठेवून वाचायला लागले. बी. आर. ए. के. ई. मग थांबले. मग माझ्याकडं पाहिलं. तेच पाहणं, जे तिसरीत माझ्या सत्ताविसाच्या पाढ्यावर पडायचं.

"वाच."

"गुरुजी, ते..."

"मी सांगत नाही, तू वाच. मोठ्यानं."

आता तुम्ही म्हणाल की एवढा अडतीस वर्षांचा घोडा, दोन लेकरांचा बाप, सोसायटीचा संचालक, सांगायचं होतं की गुरुजी बसा, चहा घ्या. सांगून पहा तुम्ही. ज्या माणसानं तुम्हाला 'कमळ' शिकवलं त्याला 'नाही वाचत' म्हणून दाखवा. मी वाचलं. "ब्रेक फ्लुइड."

"अजून मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत गेलं नाही."

मागच्या बाकावर तोपर्यंत भरती झाली होती. समोरची काकू तूर निवडायचं सूप घेऊनच कट्ट्यावर आलेली, दोन पोट्टे क्रिकेटची बॅट घेऊन, आशाताई कुठंतरी चाललेल्या त्या थांबल्या, आणि एक बकरी. "ब्रेक फ्लुइड!" मी ओरडलो. बकरीनंही मान वर केली.

"मंग क्लचात ब्रेकचं तेल कायले टाकून राहिला?"

मी समजावलं. खरंच शांतपणे समजावलं. की गुरुजी, दोन्हीकडं काम एकच, तेलानं दाब पोचवायचा, म्हणून तेल एकच. डॉट ४ म्हणजे दर्जा आहे, कोरडं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही. कितीतरी कारमध्ये तर ब्रेकच्याच डबीतून क्लचला तेल जातं.

"मंजे त्याहीनंबी चुकीचंच केलं."

आशाताई म्हणाल्या, "पण डॉट तं टीबीचं असते ना भाऊ? आमच्या दवाखान्यात डॉट्सच्या गोळ्या येतात." मी म्हटलं ताई ते वेगळं. हे डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. हे बोललो आणि बोलल्याबरोबर कळलं की बोलायला नको होतं, कारण काकूनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माय वं, अमेरिकेचं तेल!"

मग माझ्या डोक्यात आली शेवटची युक्ती. क्लचच्या डबीच्या झाकणावरच कंपनीनं अक्षरं कोरलेली असतात, फक्त डॉट ४ ब्रेक फ्लुइडच वापरा, सीलबंद डब्यातलं. पुरावा! प्रत्यक्ष क्लचच्या झाकणावर! झाकण चड्डीला पुसलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. घ्या, वाचा.

गुरुजींनी वाचलं. दोनदा वाचलं. ओठ हलत होते. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी चष्मा काढला, आणि गणितात बरोबर रीत मांडून शेवटी उत्तर चुकवणाऱ्या पोराकडं पाहतात तसं माझ्याकडं पाहिलं.

"बाप्पा, हे तं ब्रेकचीच डबी आहे. तू डबीच चुकीची खोलली."

गल्ली हसली. बकरीचा मालक सुद्धा येऊन पोचला होता, तो हसला. मी म्हटलं गुरुजी, ब्रेकची डबी उजवीकडं आहे, ती पहा, ही डावीकडची क्लचची. तर म्हणे, "मंग तिच्यावर ब्रेक कायले लिहिलं? कंपनीवाले येडे आहेत काय?" याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. सगळं खरं बोलून माणूस खोटा पडतो तो असा.

या वादात ब्रशाला लागलेलं तेल टपकन टाकीवर पडलं, कारण टाकीवर झाकलेली चादर केव्हाच घसरली होती आणि ती कोणी नीट करत नव्हतं, सगळे मला सुधारण्यात गुंतले होते. हे तेल रंग खातं. लगेच पाण्यानं धुवावं लागतं. धावत बादली आणली, धुतलं, पण आमचा भाग पडला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं तर मीठ लागतं, त्यामुळं तेलाचा डाग रुपयाएवढा राहिला आणि पाणी वाळल्यावर त्याच्याभोवती पांढरी रांगोळी आली.

आता खरं सांगू का, मला राग कशाचा आला. याच गुरुजींनी मागच्या आठवड्यात कपाशीवर फवारणी केली. कृषी केंद्रवाल्यानं जे दिलं ते, युरियासोबत गळ्यात मारलेलं एक टॉनिक धरून, सगळं एका पंपात. त्यातल्या विषाच्या डब्यावर त्रिकोण होता लाल. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हा लहान पोरालाही समजावा म्हणून रंग केलेत. आत घडी घातलेला कागद असतो, मुंगीएवढी अक्षरं, तो कोणीच उघडत नाही. मी म्हटलं होतं गुरुजी, मास्क लावा, तोंडाला निदान दुपट्टा बांधा, वारं पाहून मारा. "काही होत नाही बे," म्हणे. २०१७ च्या हंगामात इथं शेजारी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं २० च्या आसपास माणसं गेली. तेव्हा आम्ही सगळे पेपर वाचून हळहळलो, आणि पुढच्या हंगामात तेच पंप, तोच उघडा बनियन. ज्या डब्यावरचं वाचायचं तो डबा कोणी वाचत नाही आणि माझ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचं मात्र शुद्धलेखन तपासतात. पण हेही मी तिथं बोललो नाही. गुरुजी आहेत. आणि माझ्या बापाच्या कपाशीवर तरी काय वेगळं मारलं होतं आम्ही.

असो, हवा काढायची होती. परत कंपाउंडरकडं गेलो आणि ढोरांची पन्नास मिलीची सिरिंज आणली. युक्ती अशी की वरून दाबत बसायचं नाही, खालच्या निपलमधून तेल उलटं वर ढकलायचं, हवेला वरच जायचं असतं, ती तेलाच्या पुढं पुढं डबीत निघून येते. आधी डबीतलं जुनं तेल ओढून काढलं, मग सिरिंज भरून, तिच्यातली हवा टिचकी मारून काढली, आणि हळूहळू ढकलत गेलो. पोरगं वर डबीवर पाळत ठेवून. आणि मग त्या डबीत, तळाच्या बारीक छिद्रातून, एक बुडबुडा वर आला. मग तीन. मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळच.

"उकळ्ळं!" गुरुजी म्हणाले. "म्या काय म्हटलं होतं!"

"गुरुजी, ती हवा आहे."

"तू म्हटलं २३० डिग्रीले उकळते. अन् इथं थंड्या गाडीत उकळून राहिलं. पानी किती डिग्रीले उकळते?"

"शंभर."

"हं. मंग?"

मंग काय. सगळ्यांनी उकळलेलं पाहिलं. काकूनं पाहिलं, आशाताईंनी पाहिलं, साक्षीदार सहा आणि बकरी. मी निपल आवळलं, रबरी टोपी बसवली, झाकण लावलं, त्यातल्या एका स्क्रूचं तोंड पार गोल झालं, आणि लिव्हर तरी जरा लुसलुशीतच लागत होती म्हणून रात्रभर सुतळीनं मुठीला बांधून ठेवली. असं केलं की उरलेसुरले बुडबुडे हळूहळू वर निघतात. हे मात्र खरं निघालं. सकाळी सुतळी सोडली, दाबली, तर लिव्हर अशी टणक की मी तिथंच चार वेळा उगाच दाबून पाहिली. पहिला गिअर आवाज न करता पडला. न्यूट्रल एका टिचकीत. ओट्यावर कोणी नव्हतं. ज्या गल्लीत काल जत्रा होती तिथं सकाळी पाहायला एक माणूस नाही, बकरीसुद्धा नाही.

चहाच्या टपरीपाशी मुद्दाम हळू नेली, क्लच दाबून उभा राहिलो, सोडून निघालो, पुन्हा दाबून उभा राहिलो, म्हणजे लोकांनी पाहावं. त्यांनी पाहिलं. "पाय," एक जण दुसऱ्याला म्हणाला, "क्लच दाबला की थांबते."

बुधवारी गुरुजी दारात आले, पाठीमागं हात बांधून. मला वाटलं गाडी कशी आहे विचारतील. त्यांनी पाठीमागून एक हात पुढं काढला, त्यात औषधाची रिकामी बाटली होती.

"तुह्यापाशी थे तेल उरलं असंन ना? माह्या सायकलचा ब्रेक जड लागून राहिला."

मी म्हटलं गुरुजी, सायकलच्या ब्रेकला तेल नसते, आणि हे तर अजिबात टाकू नका, रबर तेलकट झालं की ब्रेक लागणारच नाही, रिमचा रंगही जाईल.

"पण बाटलीवर ब्रेकच लिहिलं आहे ना?"

दिलं नाही. आता गावात माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात, एक तर त्याला ब्रेक अन् क्लच समजत नाही, आणि दुसरं, मोठा कंजूस आहे.