संघ आयता मिळाला का? – मोरोक्कोवरच्या लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'मोरोक्कोची क्रीडायोजना' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मोरोक्कोचा संघ युरोपातल्या क्लबांनी घडवला आणि यांनी तो आयता उचलला. ज्या देशात बाळंतिणी सरकारी दवाखान्यात दगावतात, तिथल्या स्टेडियमचं कौतुक करणं शोभत नाही. आणि राजाच्या हुकमावर चालणाऱ्या योजनेतून लोकशाहीतल्या माणसांनी घ्यायचं काय? चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी आयत्या संघाचं. 2022 च्या कतार विश्वचषकात मोरोक्कोच्या 26 पैकी 14 खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते, हे खरं आहे. हकीमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात नेदरलँड्सचे. पण त्याच 14 जणांत गोलरक्षक यासिन बुनूही मोजला जातो. तो जन्मला मॉन्ट्रियलला, वाढला मात्र कासाब्लांकात आणि घडला तिथल्याच विदाद क्लबात. शिवाय परदेशातली पोरं आपोआप येऊन मिळाली असंही नाही. झियेशला नेदरलँड्सच्या संघाचं बोलावणं आलेलं होतं, तरी त्यानं 2015 साली मोरोक्को निवडला. त्या वेळी मोरोक्को सलग चार विश्वचषकांना मुकलेला होता.

आता 10 डिसेंबर 2022 चा पोर्तुगालविरुद्धचा सामना आठवा. 42वं मिनिट. डावीकडून याह्या अतियत-अल्लाहनं चेंडू उंच टाकला. पोर्तुगालचा गोलरक्षक जागा सोडून पुढे धावला, आणि युसूफ एन-नेसिरी त्याच्या हातांच्याही वर उडाला. चेंडू डोक्याला लागून जाळ्यात गेला तेव्हा त्याचे पाय अजून जमिनीला टेकले नव्हते. या एका गोलावर आफ्रिकेतला देश पहिल्यांदा विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला. चेंडू टाकणारा मोरोक्कोतल्या साफी शहराचा, तेव्हा विदादकडून मोरोक्कोतल्याच लीगमध्ये खेळणारा. गोल मारणारा तिथल्याच फेझ शहराचा, राबातशेजारच्या सला शहरातल्या मोहम्मद सहावे अकादमीत शिकलेला. मधल्या फळीतला उनाही आणि बचावातला अगेर्द हेही त्याच अकादमीचे. या गोलात युरोपातल्या अकादमीचा हात कुठे आहे, ते मला सांगा.

ही अकादमी 2010 मध्ये सुरू झाली. मुलं तिथेच राहतात, सराव आणि शाळा दोन्ही एकाच आवारात. ऐकायला साधं वाटतं, पण त्याचं फळ दिसायला किती वेळ लागला बघा. राबातजवळच्या स्खिरात गावी राष्ट्रीय क्रीडा परिषद भरली 2008 मध्ये, आणि 2020 पर्यंतचं धोरण ठरलं. त्यानंतर मोरोक्को 2010 च्या विश्वचषकात नव्हता, 2014 च्याही नव्हता. 2012 आणि 2013 च्या आफ्रिका चषकात साखळीतच बाहेर. 2018 मध्ये वीस वर्षांनी विश्वचषकात पोचला आणि एकही सामना न जिंकता परतला. म्हणजे पहिली दहा वर्षं कुणी हिशेब मागितला असता, तर मोठ्या संघाकडे बोट दाखवून सांगण्यासारखं फारसं नव्हतं. तरी अकादमी बंद पडली नाही. यासिर झाबिरी 2005 सालचा, अकादमी उघडली तेव्हा पाच वर्षांचा. तिथेच तो तयार झाला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 20 वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं अर्जेंटिनावर दोन गोल केले. सामना 2-0 सुटला. माझा लेख खरं तर फळाची वाट बघत थांबण्याच्या या तयारीबद्दल होता. ते मला नीट मांडता आलं नाही, हे तुमची प्रतिक्रिया वाचून कळलं.

मुलींचं तर मी लिहिलंच नव्हतं. मोरोक्कोत बायकांची व्यावसायिक लीग 2020 मध्ये सुरू झाली. दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 2022 ला, त्यांच्या 17 वर्षांखालच्या मुली भुवनेश्वरला आपल्या मुलींशी खेळल्या. तो सामना मी टीव्हीवर पाहिला. मध्यंतरापर्यंत आपल्या पोरींनी एकही गोल होऊ दिला नाही, माझा जीव मुठीत होता. मग उत्तरार्धात तीन गोल झाले. मोरोक्कोच्या मुलींचाही तो पहिलाच विश्वचषक होता. आपण यजमान म्हणून थेट स्पर्धेत होतो, त्या पात्रता फेरी खेळून आल्या होत्या. त्या दिवसापासून मी या देशाकडे लक्ष देऊन बघायला लागलो. पुढच्या वर्षी त्यांच्या मोठ्या संघानं पहिल्याच विश्वचषकात कोरिया आणि कोलंबियाला हरवून बाद फेरी गाठली, आणि त्याच गटातली जर्मनी घरी गेली.

दवाखान्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. अगादीरच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी गेलेल्या आठ जणी दगावल्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिथली तरुण पोरं रस्त्यावर उतरली. स्टेडियम आहेत, दवाखाने कुठे आहेत, हीच त्यांची घोषणा होती. यातल्या कितीतरी जणांनी 2022 मध्ये याच संघासाठी रात्रभर रस्त्यावर नाच केला असेल. 2030 चा विश्वचषक स्पेन आणि पोर्तुगालसोबत भरवायचा म्हणून कासाब्लांकाजवळ बेन्सलिमानला 1 लाख 15 हजार आसनांचं स्टेडियम बांधलं जातंय, आणि मी लेखात त्याचे आकडे कौतुकानं दिले होते. ते कौतुक मी मागे घेतो. अकादमी वेगळी आणि हे स्टेडियम वेगळं, दोन्ही एका दमात सांगायला नको होतं. एन-नेसिरी घडायला एवढ्या खुर्च्या लागल्या नव्हत्या.

आता तुम्ही न दाखवलेली, पण मला जास्त टोचणारी माझी चूक. मी सगळ्याला 'क्रीडायोजना' म्हटलं. 2008 चं धोरण होतं सगळ्याच खेळांसाठी. त्या वेळी क्रीडामंत्री कोण होत्या? नवाल अल मुतवक्किल, 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळा शर्यत जिंकलेल्या. हा सईद औइता आणि हिशाम अल गरूज या धावपटूंचा देश. गरूजनं 2004 मध्ये अथेन्सला 1500 आणि 5000 मीटरची दोन्ही सुवर्णपदकं नेली होती. आणि धोरणानंतरच्या ऑलिम्पिकमध्ये? लंडनला एक कांस्य, रिओला एक कांस्य. टोकियोला एक सुवर्ण. पॅरिसला एक सुवर्ण आणि फुटबॉलचं कांस्य. ही दोन्ही सुवर्णपदकं सुफियान अल बक्काली या एकाच धावपटूची, तीही स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत. ज्या धावण्यानं देशाला नाव दिलं, ते एका माणसाच्या पायांवर उभं आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच सापडतं. 2008 च्या परिषदेत स्खिरातला राजाचा संदेश वाचला गेला, तो सगळ्याच खेळांसाठी. नुसत्या हुकमानं भागत असतं, तर पोरं धावण्यातही पुढे आली असती. फुटबॉलला पैसा मिळाला, अकादमी मिळाली, आणि 2014 पासून फुटबॉल महासंघावर तोच एक अध्यक्ष, फौझी लकजा, टिकून राहिला. 2021 पासून ते देशाच्या अर्थसंकल्पाचं खातं सांभाळणारे मंत्रीही आहेत. हा योग बाकीच्या कुठल्याच खेळाच्या वाट्याला आला नाही. एकाच माणसाच्या हातात दोन्ही चाव्या असाव्यात का, याबद्दल तुमची शंका मलाही पटते.

लेखाच्या शीर्षकातला 'क्रीडायोजना' शब्द काढून आज 'फुटबॉल योजना' केला आहे. बेन्सलिमानचा परिच्छेद पुसलेला नाही. त्याच्या खालीच तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी जोडली आहे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतील. अल बक्कालीवर वेगळं लिहायला घेतलंय. झालं की आधी तुम्हाला पाठवतो, छापण्याआधी वाचून सांगा.