लंबकावरची सर्वसाधारण सभा

जत्रेतला आकाशपाळणा सभ्य असायचा. वर न्यायचा, घटकाभर गाव दाखवायचा, पोटात एकदा गोळा आणायचा आणि खाली आणून सोडायचा. अम्युझमेंट पार्कमधल्या लंबकाचं तसं नाही. उंच लोखंडी सांगाड्याला एक दांडा टांगलेला, त्याच्या टोकाला माणसं बसवलेलं गोल कडं. दांडा झुलतो आणि कडं स्वतःभोवती गरगरतं. म्हणजे पोट ढवळणं आणि डोकं फिरणं, दोन्ही सोयी एकाच तिकिटात. पण खरी गैरसोय वेगळीच. घोडबंदर रोडवर आम्ही ज्या लंबकात बसलो, त्यात सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला होती. बाहेर असती तर निदान येऊरचे डोंगर तरी तिरपे दिसले असते. इथे दिसतो तो समोरचा माणूस.

माझ्या समोर सोसायटीचे सेक्रेटरी होते.

स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, पार्किंगवरून आमचं वर्षभर बोलणं बंद आहे. पत्रव्यवहार मात्र रीतसर चालू, इनवर्डचा शिक्का मारून. माझी पांढरी गाडी गेटजवळच्या जांभळाखाली उभी असते आणि मे-जूनमध्ये तिचा रंग आरसी बुकाशी जुळत नाही. अशा माणसाबरोबर पिकनिकला जाणं एक वेळ जमतं, बसमध्ये मागची सीट धरता येते. पण धाकट्याने येऊन सांगितलं, "बाबा, सेक्रेटरीकाका त्या मोठ्या राइडवर बसतायत." झालं. आता न बसणं म्हणजे पार्किंगवरचा हक्क सोडणं.

फाटकाशी मनाईचा फलक होता. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं दुखणं, गर्भवती महिला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. एकही कलम लागू होईना. निरोगी असल्याचं इतकं दुःख यापूर्वी कधी झालं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, तो वाचायचा चष्मा द्या इकडे." दिला. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि घराची किल्लीसुद्धा." तेव्हा मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

रांगेत थोरली होती. ती अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे घरात कुणाला सुखाने घाबरताही येत नाही. "बाबा, दांडा पार आडवा होईपर्यंत झुलला ना, की तळाशी आपलं वजन तिप्पट वाटतं. दांडा कितीही लांब असू दे."

"आणि वरच्या टोकाला?"

"क्षणभर शून्य."

माझं वजन ८४ किलो. तळाशी २५२. डॉक्टर ज्या दिशेने काटा सरकायची वाट बघतायत ती प्रगती वरच्या टोकाला होणार होती, पण टिकणार नव्हती. पुढे तिने फूकोचा लंबकही काढला: १८५१ साली पॅरिसमध्ये टांगलेला, पृथ्वी फिरते हे दाखवणारा. तिथे त्याच्या झोक्याची दिशा साधारण ३२ तासांत पूर्ण फिरून येते, ठाण्यात टांगला तर जवळजवळ तीन दिवस लागतील. कारण अक्षांश, म्हणे. मी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक धरून चाललो होतो.

खांद्यावरून आलेला अडसर पोटाशी खट्ट बसला. पहिले दोन-तीन झोके अगदी घरंदाज. सेक्रेटरी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते, मी त्यांच्या बुटांकडे. मग दांडा खऱ्या अर्थाने उचलला गेला आणि दुसरीकडे बघायची सोयच उरली नाही. माझं लांबचं दुर्दैवाने उत्तम दिसतं. तळातून जाताना त्यांचे गाल, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं खाली ओघळायचं आणि ते पंच्याऐंशीचे दिसायचे. वर पोचले की सगळं जागच्या जागी येऊन तिशीतले. माझंही तेच होत असणार, कारण तेही टक लावून बघत होते. सकाळच्या मिसळीतली तर्री मात्र दोन्ही टोकांना आपलं वय राखून होती.

मी "आई गं" म्हणालो. ते "मोरया" म्हणाले. कड्याने गिरकी घेतली, आणि त्या गदारोळात सेक्रेटरी माझ्याकडे बघून स्पष्ट ओरडले, "स्टिल्टमधली जागा घ्या तुम्ही! पण हे थांबवायला सांगा!"

मी कुणाला सांगणार होतो? पण "सांगतो!" असं मीही ओरडलो. व्यवहार म्हणजे व्यवहार.

लंबक एकदम थांबत नाही. मोठा झोका, मधला, छोटा, आता संपला म्हणावं तर आणखी एक. आणि उतरल्यावरही जमीन फिरतच होती. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण हलत राहतो म्हणून, अशी माहिती मागून आली. मी मुलीला पाणी आणायला पिटाळलं.

एकाच बाकावर आम्ही दोघं लिंबू सरबत घेऊन बसलो. रंग परत आल्यावर मी विषय काढला. "मग जागेचं नक्की ना?"

सेक्रेटरींनी स्ट्रॉ बाजूला केला. "तोंडी काही धरता येत नाही. ठराव सभेत व्हायला हवा."

"आपल्या बिल्डिंगचेच होते की बहुतेक. साक्षीदार आहेत."

"कोरम २० चा. मी मोजले, १७ होते."

फिरत्या कड्यात या माणसाने डोकी मोजली होती. मग माझाही अभ्यास वर आला. "कोरम नसेल तर अर्ध्या तासाने तहकूब सभा. तिला कोरम लागत नाही."

"बरोबर," ते म्हणाले आणि घड्याळ बघितलं. "अर्ध्या तासाने. त्याच ठिकाणी."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. कडं पुन्हा भरलं होतं आणि कुणीतरी आधीच मोरया म्हणत होतं.

"तसा जांभूळ सावली चांगली देतो," मी म्हणालो.