निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधले दोन महिने

माझा पुतण्या यंदा नाशिकमध्ये आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणित आणि विज्ञान या दोन विषयांत नापास झाला. त्या संध्याकाळी आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो मी नेदरलँड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर ऐकत होतो. केंद्राने २०१९ साली मुभा दिल्यानंतर महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून पाचवी आणि आठवीला वर्षअखेरीची परीक्षा पुन्हा आणली. तोपर्यंत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. मुलांना अपयशाची सवय लहानपणीच लागली पाहिजे, नाहीतर पुढे ती कोलमडतात, असे माझ्या काकांचे म्हणणे होते. तेरा वर्षांच्या मुलावर शिक्का मारून कोणाचे भले होणार, असा वहिनीचा प्रश्न होता. दोघेही कळकळीने बोलत होते. मात्र मुलाचे नेमके काय चुकले, हे तासाभरात कोणीच विचारले नाही.

हे मला लागले, कारण मी स्वतः १९९६ साली बारावीला गणितात नापास झालो होतो. आई पाहुण्यांना सांगायची की तो मामाकडे गेला आहे. मी मात्र आतल्या खोलीत असायचो. भेटायला येणारा प्रत्येक जण अपयश ही यशाची पहिली पायरी आहे असे सांगून जायचा, आणि त्या वाक्याने मला धीर येण्याऐवजी अधिकच एकटे वाटायचे, कारण दुसरी पायरी कोणती हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते. ती दाखवली पंचवटीत शिकवणी घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी. आज मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मला तेव्हा तो मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी मार्चचा तोच पेपर माझ्याकडून पुन्हा सोडवून घेतला, प्रत्येक गणितात माझा हात जिथे अडला तिथे लाल पेन्सिलने टिंब दिले आणि शेवटी वही फिरवून माझ्यासमोर ठेवली. बहुतेक टिंबे त्रिकोणमितीच्या सूत्रांवर होती, म्हणजे जे दहावीत कच्चे राहिले होते त्यावर. मला कलनशास्त्र येत नाही असा माझा समज होता, आणि तो चुकीचा होता. ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो, ते जिद्दीपेक्षा त्या टिंबांमुळे, असे मी आजही मानतो.

इथे नेदरलँड्समध्ये शालान्त परीक्षा मे महिन्यात होते, आणि जूनमध्ये निकाल कळला की उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या घरावर राष्ट्रध्वजाच्या काठीला त्यांचे दप्तर टांगतात. ज्या घरावर दप्तर दिसत नाही त्या घरातही दुःख असते, ते दुःख आपल्यापेक्षा हलके असते असे मी म्हणणार नाही. फरक मला दिसला तो फेरपरीक्षेच्या बाबतीत. इथे उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही एखाद्या विषयाची परीक्षा पुन्हा देऊ शकतो आणि दोन्हींपैकी चांगला गुण धरला जातो. माझ्या मुलीने रसायनशास्त्राचा पेपर असाच पुन्हा दिला. त्याआधी शाळेत जाऊन तपासलेली उत्तरपत्रिका पाहिली, कोणते गुण कशासाठी गेले ते लिहून आणले. तिच्या शेजारी परीक्षेला बसलेल्यांत नापास झालेली मुलेही होती आणि कोण कशासाठी आले आहे हे कोणी विचारत नव्हते. अर्थात, इथली पद्धत आदर्श नाही. साधारण बाराव्या वर्षी मुलांची वेगवेगळ्या शाखांत विभागणी होते, आणि त्या वयात लागलेले लेबल पुढे बदलणे शक्य असले तरी कठीण असते. हा अन्याय मला नाशिकच्या कोणत्याही निकालापेक्षा मोठा वाटतो. शिवाय श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसण्याची सोय आपल्या मंडळातही आहे. म्हणजे नियमांत आपण फारसे मागे नाही. पुन्हा बसणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, तिथे मागे आहोत.

तरीही अपयशाचा छडा लावणे नाशिकला जमत नाही, असे मला कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही, कारण २०१० सालचा द्राक्षाचा हंगाम मी दोन्ही टोकांनी पाहिला आहे. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचे, मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडले आणि माल अडकला. पिंपळगावच्या माझ्या मावसभावाचा कंटेनर रॉटरडॅमला होता. माझ्या घरापासून ते बंदर तासाभराच्या अंतरावर आहे, तरी मी त्याच्यासाठी काहीही करू शकलो नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखून काडीत सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे पुढच्या हंगामाच्या घडांची डोळ्यांत होणारी सुरुवात, चांगली व्हावी म्हणून ते रसायन वर्षानुवर्षे फवारले जात होते. निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच, त्यामुळे त्याच्या हातातला अहवाल स्वच्छ होता. कर्ज झाले, घरात बोलणे बंद झाले, आणि त्यालाही पायरीचे तेच वाक्य अनेकांनी ऐकवले असणार.

परंतु द्राक्षपट्टा त्या वाक्यावर थांबला नाही. कारण शोधले गेले, ते रसायन तपासणीच्या यादीत आले, आणि ज्या औषधाचा अंश मुळातून फळापर्यंत राहतो ते कधी थांबवायचे हे बागायतदारांना कळू लागले. मावसभावाकडे आज प्रत्येक प्लॉटची वेगळी लांबट वही आहे, पानांच्या कडांवर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचे निळे डाग पडलेली, आणि तिच्यात फवारणीची तारीख, औषध, मात्रा आणि काढणीला उरलेले दिवस अशी नोंद आहे. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या दुकानात भारतीय द्राक्षांचा डबा दिसला की मी तो उचलून हमखास मागची बाजू वाचतो.

म्हणूनच काकांचे आणि वहिनीचे म्हणणे मला सारखेच अपुरे वाटते. दोघे शिक्क्याविषयी भांडतात. नियमात मात्र याहून महत्त्वाची गोष्ट लिहिलेली आहे: नापास झालेल्या मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत त्याची फेरपरीक्षा घ्यायची. हे दोन महिने नेमके उन्हाळी सुटीत येतात, जेव्हा शिक्षक गावी गेलेले असतात, शाळेला कुलूप असते आणि ज्यांना परवडते ते कॉलेज रोडवरच्या क्लासकडे वळतात. ज्यांना परवडत नाही ती मुले तोच पेपर त्याच चुकांसह पुन्हा देतात. माझे मागणे एवढेच आहे की फेरपरीक्षेच्या तारखेबरोबर शाळेने प्रत्येक नापास मुलामागे एक पान द्यावे, ज्यावर कोणता धडा, कोणती पायरी, कोणत्या इयत्तेपासून कच्ची आहे हे लिहिलेले असेल, आणि त्या सुटीत त्याच्याजवळ कोण बसणार त्याचे नावही असेल.

पुतण्याचा गणिताचा पेपर भावाने मला मोबाइलवर पाठवला आहे. रविवारी नाशिकच्या सकाळी अकरा वाजता, म्हणजे माझ्या साडेसातला, आम्ही दोघे तो पहिल्या प्रश्नापासून सोडवायला बसणार आहोत. त्याला लाल पेन्सिल जवळ ठेवायला सांगितली आहे.